सव्वीस जण अजून बाहेर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत फोन घेणारी एक बाई होती. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एका खोलीत साहेब, दुसऱ्या खोलीत ती, तिचे दोन फोन, एक जाडजूड वही आणि भिंतीवर शहराचा नकाशा. जिथे जिथे कंपनीची लिफ्ट, तिथे नकाशावर एक लाल टाचणी. कुठे लिफ्ट अडकली की फोन हिच्याकडे यायचा. नियम असा की पत्ता लिहून घ्यायचा, मेकॅनिकला कळवायचं आणि फोन ठेवून द्यायचा. पण ही फोन ठेवायचीच नाही. "मी आहे हं इथे. उभे का आहात? खाली बसा बघू. घरी कोण कोण असतं तुमच्या?" असं करत अर्धा अर्धा तास बोलत राहायची, आणि मधूनमधून दुसऱ्या फोनवरून मेकॅनिकच्या मागे लागायची. पलीकडे दार सरकल्याचा आवाज आला की हिचा जीव भांड्यात पडायचा. मग वहीत शेवटच्या रकान्यात 'सुटका' लिहून त्यापुढे वेळ टाकायची.

"ताई," मेकॅनिक म्हणायचा, "आत अडकलेला माणूस मजेत बाहेर येतो. घाम तुम्हाला फुटलेला असतो."

"फुटू दे. तुम्ही लवकर पोचत जा म्हणजे नाही फुटणार."

घरीही तेच. गॅसचं बटण तीनदा बघायचं. दाराची कडी लावून परत ओढून बघायची. नवरा प्लंबर होता, दिवसभर लोकांच्या न्हाणीघरात शीळ घालत नळ पिळायचा. तो जिन्यावरून उतरला की ही खिडकीत. आणि मुलीच्या बाबतीत तर विचारूच नका. मुलगी दिवस भरायच्या आत जन्मली होती, पंजात मावेल एवढी. म्हणून तिला ठिपकी म्हणू लागले ते कायमचंच. जन्मल्यावर तिला दीड महिना काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि ही पेटीजवळच्या स्टुलावर बसून तिची छाती हलतेय का ते बघत होती. तेव्हा जी डोळे लावून बसली, ती चोवीस वर्षं त्या स्टुलावरून उठलीच नाही म्हणा ना.

ठिपकी आता चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. फ्रेमच्या मापाची काच मशिनवर धरायची, कड गुळगुळीत करायची, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवून बघायचा. त्यामुळे तिला माणसं फार जवळून दिसत. कुणाच्या पापणीला थरथर आहे, कोण बोलताना आधी ओठ मिटतो, सगळं तिच्या लक्षात राहायचं, आणि ते ती घरी येऊन आपल्या खेळात वापरायची.

खेळ कॉम्प्युटरवरचा होता, पण त्यात उड्या नव्हत्या की गोळीबार नव्हता. तो लिहायचा खेळ होता. देशोदेशीचे चाळीसेक जण एका कल्पित शहरात आपापला सुपरहिरो घेऊन उतरायचे आणि आळीपाळीने लिहायचे. मी भिंत फोडून आत आलो. मी म्हटलं, थांब. अशी ती गोष्ट वर्षानुवर्षं चाललेली. कुणाला नवं पात्र आणायचं असेल तर आधी अर्ज भरावा लागे, आणि ते अर्ज तपासायचं काम ठिपकीकडे होतं, कारण तिच्याइतकी खरी वाटणारी पात्रं दुसऱ्या कुणाला जमतच नसत.

"आई, हा बघ," शनिवारी संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलाशी बसून वाचून दाखवायची. "'याला मरण नाही. याला कुणीही हरवू शकत नाही. लहानपणी याचे आईवडील आगीत गेले.' नापास."

"अगं, बिचाऱ्याचे आईबाप गेले आणि तू त्यालाच नापास करतेस?"

"ह्या महिन्यातला हा नववा! सगळ्यांचे आईबाप आगीत, नाहीतर अपघातात. एकाचे तरी नुसते घरी बसून मटार सोलत का नसतील?"

आईच्या हातात मटारच होते. बाबा म्हणाले, "म्हणजे तुला आगीत घालता येत नाही याचं तिला वाईट वाटतंय."

ठिपकीचं म्हणणं असं, की ताकद काय, कुणालाही सुचते. पर्वत उचलेल, विजेसारखा धावेल. पण मंगळवारी दुपारी तीन वाजता तो काय करत असतो, हे ज्याला सांगता येईल त्याचंच पात्र जिवंत. त्याला कंटाळा येतो का? त्याची ताकद त्याला कुठे टोचते? नव्या लोकांना ती हे प्रश्न विचारून भंडावून सोडायची. आणि एक गोष्ट मात्र ती खेळातल्या कुणाला सांगायची नाही. प्रत्येक पात्रात ती एक खरी वस्तू घालायची. जिवंत माणसाची, एकच, आणि मागून घेतलेली. आजवर बहुतेक वेळा तिने स्वतःतलंच काहीतरी घातलं होतं. मागच्या वर्षी बाबांची शीळ मागून घेतली होती, शीळ घालून पाणी दुभंगणाऱ्या एका सुपरहिरोसाठी.

"विचारायचं कशाला पण? चोरायची की," बाबा म्हणाले होते.

"न विचारता घेतलेलं खोटं वाजतं, बाबा. मी करून बघितलंय."

त्या शनिवारी तिने मटाराच्या शेंगा बाजूला सारल्या आणि आईकडे बघितलं.

"आई, मला एक नवी बाई करायचीय. तुझी धास्ती देशील?"

"काय देऊ?"

"ते तुझं सारखं 'पोचली का, आली का, का नाही आली'. ते."

आई इतकी हसली की दोन दाणे घरंगळत फ्रिजखाली गेले. "ने बाई, सगळी ने. मागे चिमूटभरसुद्धा ठेवू नकोस. चोवीस वर्षं उरावर घेऊन बसलेय."

"नक्की ना?"

"आता काय लिहून देऊ?"

"माझ्याही वाटची ने," बाबा म्हणाले. "मला हिच्या धास्तीची धास्ती असते."

दोन दिवसांनी ठिपकीने अर्ज वाचून दाखवला. पात्राचं नाव चाहूल. वय पंचावन्नच्या पुढे. दिवसा कपड्यांना इस्त्री करते. तिने ज्याला घराबाहेर पडताना एकदा पाहिलं, तो परत येईपर्यंत कुठे आहे हे तिला कळतं. त्याची पावलं तिच्या कानात वाजत राहतात. दगा होणार असेल तर आधी ती पावलं अडखळतात. तिचं दुखणं हे, की शेवटचा माणूस घरी पोचेपर्यंत तिला बसता येत नाही. तिच्या घरात एकही खुर्ची नाही.

"अगं, ही तर मीच," आई म्हणाली. "फक्त मला उडता येत नाही."

"तिलाही येत नाही. ती चालत जाते."

गुरुवारी दुपारी चाहूल मंजूर झाली.

त्याच दिवशी ठिपकीला दुकानात उशीर झाला. साडेनऊला ती धापा टाकत घरात शिरली, तोंडात सबबी तयार. आई पाय पसरून मासिक वाचत होती. "आलीस? जेवण झाकून ठेवलंय," एवढंच म्हणाली.

"तू फोन नाही केलास?"

"कशाला?"

ठिपकी धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली. बाबांनी दोघींकडे बघून हात जोडले.

पहिले पंधरा दिवस घरात जणू कुणी खिडक्या उघडल्या होत्या. गॅसचं बटण एकदाच. कडी एकदाच. आई पडल्या पडल्या झोपायची आणि उजाडल्यावरच उठायची. ऑफिसात साहेब तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "ताई, हल्ली तुमचा आवाज कसा शांत येतो. असंच हवं." खरंच होतं ते. पत्ता लिहायचा, मेकॅनिकला सांगायचं, फोन खाली. दोन मिनिटांत मोकळी. इतकी वर्षं आपण उगाच जिवाचं पाणी केलं, असं तिला वाटून गेलं.

मात्र अधूनमधून ती चालता चालता थांबायची. खिडकीशी जायची आणि तिथे का आलो ते आठवायचं नाही. हात अंगाखाली येऊन बधिर झाला की दुसऱ्याचाच वाटतो ना, तसं काहीतरी छातीच्या आत. दाबून बघावं तर दुखत नाही. आपलं आहे की नाही तेच कळत नाही.

तिकडे चाहूल सगळ्यांची लाडकी झाली. ठिपकी जेवताना सांगायची, "आई, गंमत ऐक. लोक आता खेळातलं संपवून जाताना चाहूलला सांगून जातात. आणि पात्रंच नाही, खरी माणसं. एकाची रुग्णालयात रात्रपाळी असते, तो घरी गेला की लिहितो, 'चाहूल, पोचलो.' तिने उत्तर दिल्याशिवाय झोपत नाही म्हणे."

"आणि उत्तर तू देतेस?"

"मीच. म्हणजे मी नसले तर दुसरं कुणीतरी देतं. एकमेकांची पात्रं सांभाळायची असा नियम आहे." तिने घास गिळला. "काल मी खालच्या दारात होते, तर फोनवर चाहूलचा निरोप. 'जिन्यातला दिवा गेलाय, सावकाश ये.'"

"गेलाच होता की काल दिवा," बाबा म्हणाले.

"हो ना."

"मग कुणी लिहिलं?"

"असेल कुणीतरी," ठिपकी म्हणाली आणि पाणी प्यायली.

बाबांनी चमचा खाली ठेवला. त्यांनी बायकोकडे बघितलं. एरवी तिने आतापर्यंत घर डोक्यावर घेतलं असतं. कुणाला आपला जिना माहीत, कोण पाळत ठेवतंय, उद्यापासून मी न्यायला येते. ती म्हणाली, "अच्छा," आणि भात वाढून घेतला. असं ऐकल्यावर काहीतरी व्हायला हवं, एवढं तिलाही जाणवलं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. काही झालं नाही.

मग तो शुक्रवार आला. दुपारी साडेतीनला फोन वाजला. एक म्हातारी होती, निवृत्त शिक्षिका, सहा मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधे. वीज गेलेली. आवाज अगदी शिस्तीचा, पण टोकाला कापणारा.

"तुम्ही माझ्याशी बोलत राहाल का थोडं? इथे अंधार आहे."

"मेकॅनिक निघालाय," ताई म्हणाली. "येईल." आणि फोन ठेवला. पत्ता लिहिला, मेकॅनिकला कळवला, दुसरा फोन घेतला. सहा वाजता पर्स उचलून घरी गेली. 'सुटका'च्या रकान्यात काही लिहिलेलं नव्हतं. ते तिने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक आला तो दारातच उभा राहिला.

"ताई, काल तुम्ही मला फोन का नाही केलात?"

"केला होता की. साडेतीनला."

"एकदा! तुम्ही सात वेळा करता. 'कुठे आहात, अजून किती वेळ, ती बाई रडतेय', डोकं खाता माझं. मी दुसऱ्या कामावर होतो. तुमचा परत फोन नाही, म्हणून मला वाटलं वॉचमनने काढलं असेल तिला." तो खुर्चीवर बसला. "साडेतीन तास, ताई. सातला पोचलो मी. म्हातारी दाराच्या फटीत बोटं घालून बसली होती. तिची नखं… जाऊ दे. आहे, जिवंत आहे. पण ती माझ्याशी बोलेचना. नुसती म्हणत होती, फोनवरच्या बाई येते म्हणाल्या होत्या."

"मी येते असं नव्हते म्हणाले."

मेकॅनिकने तिच्याकडे असं बघितलं, जसं कुणी ओळखीच्या घराचं दार ठोठावावं आणि आतून परक्या माणसाने उघडावं.

तो गेल्यावर ती नकाशासमोर उभी राहिली. चौथ्या-पाचव्या मजल्यामधल्या त्या म्हातारीची टाचणी तिने उपटली आणि तिचं टोक बोटात खुपसलं. बोट दुखलं. रक्ताचा थेंब आला. म्हणजे दुखण्याची सोय शाबूत होती. फक्त म्हातारीसाठी काही दुखत नव्हतं. ती हुशार बाई होती, कॉलेज शिकलेली. जे आत जाणवत नव्हतं ते तिने डोक्याने मांडून बघितलं, गणित मांडावं तसं. आज म्हातारी. उद्या ठिपकी.

संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं, "तुम्ही शीळ घालायची कधीपासून सोडलीत?"

"सोडली कुठे?"

"घाला बघू."

त्याने ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. त्याने ओठ ओले केले, परत फुंकलं. परत हवा. तो हसला, मग हसायचं थांबला आणि पुन्हा पुन्हा फुंकत राहिला, मेणबत्ती विझत नसल्यासारखा. "वयाने होत असेल," तो शेवटी म्हणाला.

"चाळीस वर्षं घालत होतात. मागच्या वर्षी तिने मागितली, तुम्ही दिलीत."

रविवारी सकाळी ती लेकीसमोर बसली.

"ठिपके, माझी धास्ती मला परत दे."

ठिपकीला आधी चेष्टा वाटली. मग तिने म्हातारीची हकीकत ऐकली, शिळेची ऐकली, आणि बराच वेळ चष्म्याची काच पुसत बसली. "मंजूर झालेलं पात्र पुसता येत नाही, आई. त्याला गोष्टीतूनच बाहेर काढावं लागतं. मरून, नाहीतर निवृत्त होऊन."

"मग कर निवृत्त."

"ती माझं सगळ्यात चांगलं पात्र आहे. लोक तिच्यावर जीव टाकतात. आणि खरं सांगू? तू आता बरी आहेस. झोपतेस. मला जन्मात पहिल्यांदा मोकळं वाटतंय."

"सांग की. मला वाईट वाटणार नाही."

"असं नको ना बोलूस."

"टोमणा नाही गं. खरंच नाही वाटत." आईचा आवाज साहेबांना आवडणारा, शांत. "उद्या तू घरी आली नाहीस तर मी आठला जेवेन. साडेनऊला झोपेन. सकाळी पोलिसांत जाईन, कारण तसं जायचं असतं हे मला माहीत आहे."

ठिपकीने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कॉम्प्युटर सुरू केला.

दुपारचे दोन वाजले होते. तिने खेळातल्या सगळ्यांना कळवलं की चाहूल आज जाणार. मग गोष्ट लिहायला घेतली. आई शेजारी खुर्ची ओढून बसली. चाहूलने इस्त्री बंद केली. कपड्यांची शेवटची घडी रचली. खिडकी लावून घेतली. आता तिने दिवा मालवला, एवढं लिहायचं बाकी होतं. ठिपकीची बोटं थांबली, मग भराभर चालली. पडद्यावर आलं: सगळे पोचल्याशिवाय कशी जाऊ?

"हे तू लिहिलंस?" आईने विचारलं.

"बोटं माझीच होती," ठिपकी म्हणाली.

कुठल्याशा लांबच्या देशातून एकाने लिहिलं: पोचलो. लगेच दुसऱ्याने. चाहूल, मी पोचले. मग रात्रपाळीवाल्याने. एकेक करून सगळे येऊ लागले. कुणाकडे पहाट होती, कुणाकडे भर दुपार, आणि सगळे तोच एक शब्द लिहीत होते. आईने आतून एक वही आणली, ऑफिसातल्यासारखी रेघ मारली आणि नावं लिहून पुढे वेळ टाकत गेली. हाताला सवय होती. चाळीस नावं व्हायला अडीच तास लागले. बाबा मधे येऊन चहा ठेवून गेले. त्यांनी पडदा वाचला आणि दाराला कडी लावली.

"झाले," ठिपकी म्हणाली. "सगळे झाले."

तिने दिवा मालवायला बोटं टेकवली. पडद्यावर अक्षरं उमटली: सव्वीस जण अजून बाहेर आहेत.

आणि खाली नावं. झुळूक. निळाई. दगडूमामा. कवडसा. एकाखाली एक, सव्वीस.

"कोण गं हे?"

"माझीच," ठिपकी म्हणाली. "जुनी. खेळून कंटाळा आला की मी नवी करायचे. ती तशीच राहिली, गोष्टीत अर्धवट कुठेतरी."

"ह्यांच्यात काय काय घातलं होतंस?"

"आपलं छोटं छोटं." तिने बोट ठेवत सांगायला सुरुवात केली. "दगडूमामात माझी पालीची भीती. कवडशात बाबांची शीळ. झुळुकेत ते मी हसताना उचकी लागायची ना, ते. निळाईत रडू."

"रडू कधी दिलंस?"

"मावशी गेली त्याच्या आदल्या महिन्यात."

आईला तो दिवस आठवला. स्वतःच्या बहिणीच्या उशाशी लेक कोरड्या डोळ्यांनी उभी होती आणि आलेल्या बायकांना ही म्हणाली होती, किती समजूतदार झालीय बघा. पालीला आता किंचाळत नाही म्हणून कौतुक केलं होतं. उचकी गेली तेव्हा, मोठी झाली, म्हणाली होती. हे सगळं तिला स्पष्ट आठवलं, पण दुसऱ्याच्या घरचा फोटो बघावा तसं.

"मग काय करायचं?" ठिपकीने विचारलं. "ही आत्ता आणता यायची नाहीत. प्रत्येकाला गोष्ट लिहावी लागेल. मी लिहू का, सगळे पोचले म्हणून?"

"लिही की," आई म्हणाली. धास्ती नसलेली बाई दुसरं काय म्हणणार?

ठिपकीने लिहिलं: सगळे पोचले.

ठिपकीची बोटं पुन्हा हलली. ती या वेळी तिच्या नजरेआधी हललेली आईने पाहिली. पडद्यावर आलं: बरं. उरलेल्यांचं ठिपकीची आई बघेल.

चाहूलने दिवा मालवला.

आधी काहीच झालं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. आईने वही मिटली. आणि मग पोटात, बेंबीच्या वर चार बोटं, काहीतरी आवळलं. इतकं जुनं, इतकं ओळखीचं, की तिच्या तोंडून "आई गं" निघालं. ती धडपडत उठली, स्वयंपाकघरात गेली, गॅसचं बटण बघितलं. परत बघितलं. तिसऱ्यांदा बघताना ती हुंदके देऊन रडायला लागली. त्या म्हातारीची बोटं तिला दाराच्या फटीत दिसत होती. उद्या सकाळी आधी तिच्याकडे जायचं. जाऊन सांगायचं, मी फोनवरची. तिने मारलं तरी चालेल.

"आली का गं?" बाबांनी दारातून विचारलं.

"आली," ती म्हणाली. "आली, आली."

डोळे पुसत ती बाहेरच्या खोलीत आली. लेक समोर बसली होती. घरात होती. दाराला कडी होती. आता हा गोळा सुटायला हवा होता. मूल नजरेसमोर आलं की तो सुटतो, चोवीस वर्षांत एकदाही चुकलेलं नव्हतं. तिने ठिपकीच्या चेहऱ्याकडे बघितलं. गोळा सुटला नाही. उलट आणखी आवळत गेला, आणि अडीच तास एकच शब्द वाचलेल्या तिच्या डोक्यात उलटा विचार आला, की ही अजून पोचलेली नाही.

खुर्चीत जी बसली होती ती नीट बसली होती. केस नीट, हात मांडीवर. आईला रडताना बघून ती उठली नव्हती. ती तिच्याकडे बघत होती, काचेची कड गुळगुळीत झाली का ते तपासताना बघायची तसं.

"आई, तू घाबरलीस का?" तिने विचारलं. आवाजात कुतूहल होतं, आणखी काही नाही.

आईने तिचे दोन्ही खांदे धरले. हाडं तीच. वास तोच. "तू बाहेर राहिलीस गं," ती म्हणाली. "मी इथे बसून होते आणि तू बाहेरच राहिलीस."

"मी तर इथेच आहे."

"निळाईला आण. आत्ता. ती कुठे सोडली होतीस?"

"कुठल्याशा पुलावर. चार वर्षं झाली. आई, सव्वीस आहेत, एकेकाला महिना लागेल. आणि…" ठिपकीने ओठ आवळले. ती विचार करत होती. "ती परत आल्यावर मी नक्की कशी असायला हवी, ते मला लिहावं लागेल. मला ते आठवत नाहीये. तुला आठवतंय ना?"

"मला आठवणार नाही तर कुणाला?" असं म्हणून आईने वहीचं नवं पान उघडलं आणि लिहायला बसली. पाल. उचकी. रडू. बाबांची शीळ. गाडीत बसलं की खिडकीच्या काचेवर नाक दाबणं. खोटं बोलताना कान लाल होणं. बाबा शेजारी येऊन बसले आणि त्यांनी दोन सांगितल्या. तिघांनी मिळून अंधार पडेपर्यंत आठवल्या. अकरा झाल्या.

पंधरा रेघा कोऱ्याच राहिल्या. डोळ्यांत तेल घालून चोवीस वर्षं बसलेल्या बाईला त्या पंधरा गोष्टी कधी होत्या, कधी गेल्या, काही म्हणता काही सांगता येईना.

"असू दे," ठिपकी म्हणाली. "ज्या आहेत त्यांच्यापासून सुरू करू." तिने खुर्ची पुढे ओढली आणि पहिली ओळ लिहिली: पुलावर एक मुलगी उभी होती. मग मागे वळून आईला विचारलं, "रडताना मी तोंड झाकायचे, की नाही झाकायचे?"

"नाही," आई म्हणाली. "झाकायची नाहीस. तशीच उभी राहायचीस, आणि मला हाक मारायचीस."

ठिपकीने मान हलवली आणि तसं लिहिलं.